गिटार ॲम्प सॉफ्टवेअर घेताय? लायसन्स, अपडेट आणि आपला टोन हातात ठेवण्याची पद्धत

ट्यूब ॲम्प विकत घेतला की विषय संपतो. फ्यूज उडाला तर बदलता, नकोसा झाला तर विकता, बनवणारी कंपनी बुडाली तरी तो वाजत राहतो. संगणकावरचा ॲम्प घेताना बटणावर ‘विकत घ्या’ असंच लिहिलेलं असतं, पण पैसे भरल्यावर हातात येते ती वापरण्याची परवानगी. ती कोणत्या अटींवर आहे, अपडेट आल्यावर तिचं काय होतं आणि संगणक बदलल्यावर ती सोबत येते का, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. प्लगइनचा (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या अशा ॲम्पचा) आवाज कसा आहे यावर ढीगभर व्हिडिओ सापडतात, लायसन्सवर क्वचितच. गेली बरीच वर्षं मी याच सॉफ्टवेअरवर वाजवतो आणि रेकॉर्ड करतो. मधल्या काळात संगणक बदलले, ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्या. त्यातून जी पद्धत पक्की झाली ती खाली क्रमाने देतो.

१. आधी लायसन्सचा प्रकार ओळखा

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

कायमचं लायसन्स: एकदा पैसे भरा, ती आवृत्ती हवी तितकी वर्षं वापरा. इथे ‘कायमचं’ हा शब्द त्या आवृत्तीपुरता असतो, पुढच्या मोठ्या आवृत्तीला बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात. काही ठिकाणी अपडेटही ठरावीक मुदतीपुरतेच मिळतात. वेव्हज कंपनीच्या प्लगइनना, ज्यांत जीटीआर हा त्यांचा गिटार ॲम्पही येतो, पहिलं वर्ष अपडेट मिळतात आणि नंतर त्यांची वेगळी योजना घ्यावी लागते.

सबस्क्रिप्शन: महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे थांबले की प्लगइन थांबतं. जुन्या प्रोजेक्टमधला गिटारचा ट्रॅक उघडतो, पण त्यावरचा ॲम्प मुका असतो.

हप्त्यांनी मालकी: ठरलेले हप्ते पूर्ण झाले की कायमचं लायसन्स मिळतं. मध्येच हप्ते थांबवले तर भरलेल्या पैशांचं काय होतं, हे आधी वाचा.

मुक्त स्रोत: स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं न्यूरल ॲम्प मॉडेलर, ज्याला सगळे ‘नॅम’ म्हणतात, आणि लिनक्सवरचं गिटारिक्स ही यातली ठळक नावं. इथे खातं नाही, ॲक्टिव्हेशन (लायसन्स संगणकावर चालू करून घेणं) नाही, आणि सोर्स कोड खुला असल्यामुळे मूळ लेखकाने काम थांबवलं तरी दुसरा कुणी ते पुढे नेऊ शकतो.

कंपनीचं धोरण एका रात्रीत बदलू शकतं, हे लक्षात असू द्या. मार्च २०२३ मध्ये वेव्हजने कायमची लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवत असल्याचं जाहीर केलं. वापरणारे इतके खवळले की काही दिवसांतच कंपनीला निर्णय फिरवावा लागला. त्या वेळी ओरडा कामी आला, दर वेळी येईलच असं नाही.

‘आजीवन मोफत अपडेट’ या शब्दांपासूनही जपा. २०१६ मध्ये केकवॉकने आपल्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी आजीवन अपडेटची योजना विकली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक कंपनी गिब्सनने केकवॉकचं कामच थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन पुन्हा चालू केलं, म्हणून निदान सॉफ्टवेअर तरी वाचलं. ‘आजीवन’ म्हणजे उत्पादन जिवंत असेपर्यंत, इतकाच अर्थ धरून पैसे मोजा.

२. कायदा काय म्हणतो, थोडक्यात

देशागणिक उत्तर वेगळं आहे. अमेरिकेत २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की, करारात तसं नीट लिहिलेलं असेल तर ग्राहक हा प्रतीचा मालक नसून फक्त परवानाधारक असतो. त्यामुळे ती पुढे विकण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूजडसॉफ्ट आणि ओरॅकलच्या खटल्यात जवळजवळ उलटा निकाल दिला: एकरकमी पैसे घेऊन कायमचं लायसन्स दिलं असेल तर ती विक्रीच आहे आणि ग्राहक ते पुढे विकू शकतो, मात्र स्वतःकडची प्रत त्याने निरुपयोगी केली पाहिजे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक चांगला कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि नंतर विक्रेता काढून घेऊ शकत नाही, तिला यातून सूट आहे. मला ही सूट फार मोलाची वाटते, कारण मालकीची खरी कसोटी तिच्यात आहे: विक्रेत्याने उद्या दार लावून घेतलं तर वस्तू चालेल का? प्रत्येक प्लगइनला हाच प्रश्न विचारा.

३. हाताशी काय काय हवं

- ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज संगणकात घेणारं यंत्र, ज्यावर गिटारसाठीचं ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुट आहे. साध्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावली तर आवाज दबका आणि बोथट येतो, आणि लोक दोष प्लगइनला देतात.
- विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (वाजवताना होणारा उशीर तो कमी करतो).
- तुमचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारचे प्लगइन घेतं याची माहिती. लॉजिक आणि गॅरेजबँडला एयू लागतं, प्रो टूल्सला एएएक्स, क्यूबेस आणि रीपरमध्ये व्हीएसटी३ चालतं.
- फक्त संगीतासाठी ठेवलेला ईमेल पत्ता. सगळी खाती एकाच पत्त्यावर उघडा. नोकरीचा किंवा कॉलेजचा पत्ता इथे कधीच देऊ नका. तो गेला की पासवर्ड बदलण्याचा मार्गही जातो.
- बाहेरची हार्ड डिस्क.
- एक नोंदवही किंवा साधी टेक्स्ट फाइल: प्लगइनचं नाव, आवृत्ती, घेतल्याची तारीख, सिरीयल नंबर, किती संगणकांवर परवानगी. पावतीची पीडीएफ आणि त्या दिवशीचा वापर-करारही याच फोल्डरमध्ये ठेवा. करार नंतर बदलतात, आपण कशाला संमती दिली होती ते आपल्याजवळ असलेलं बरं.

४. ट्रायल घ्या आणि करार शोधून वाचा

पैसे भरण्याआधी ट्रायल घ्याच. न्यूरल डीएसपी, पॉझिटिव्ह ग्रिड, आयके मल्टिमीडिया वगैरे बहुतेकांकडे मोफत चाचणी किंवा मोफत छोटी आवृत्ती असते. ट्रायलमध्ये आवाजाइतकंच लक्ष संगणकावरच्या भाराकडे द्या. बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सँपल आणि सँपल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवला तर एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो. २५६ ला ५.३. जाता-येता आणि कन्व्हर्टरचा मिळून तो आणखी वाढतो. १२८ वर तडतड न होता वाजत असेल तर तुमचा संगणक त्या प्लगइनला पुरेसा आहे.

करार अथपासून इतिपर्यंत वाचायला कुणाला वेळ नसतो, म्हणून तो ब्राउझरमध्ये उघडा आणि नेमके शब्द शोधा: हस्तांतरण, ॲक्टिव्हेशनची संख्या, इंटरनेटची गरज, अपडेट, समाप्ती. या पाच जागा वाचल्या की चित्र स्पष्ट होतं. ‘समाप्ती’च्या कलमात कंपनी कोणत्या कारणांनी लायसन्स रद्द करू शकते ते असतं, ते जरूर पाहा.

इंटरफेससोबत किंवा हार्डवेअरसोबत फुकट आलेल्या आवृत्त्यांना आणि विद्यार्थी सवलतीतल्या लायसन्सना अनेकदा वेगळ्या अटी असतात. ती बहुधा पुढे देता येत नाहीत.

आणि हो, तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आधीच ॲम्प आहे का ते बघा. लॉजिकमध्ये ॲम्प डिझायनर आहे, क्यूबेसमध्ये व्हीएसटी ॲम्प रॅक. पहिले काही महिने त्यांवर आरामात निघतात.

५. ॲक्टिव्हेशन कुठे बसवायचं ते ठरवा

काही कंपन्या स्वतःच्या खात्यातून लायसन्स देतात, काही पेस कंपनीच्या आयलॉक या लायसन्स-यंत्रणेतून. आयलॉकमध्ये लायसन्स तीन जागी राहू शकतं: यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर), संगणकावर किंवा क्लाउडवर. यातल्या कोणत्या जागा खुल्या ठेवायच्या ते प्लगइनची कंपनी ठरवते. क्लाउडसाठी वाजवताना इंटरनेट सतत चालू लागतं, त्यामुळे स्टेजवर त्याच्या भरवशावर जाऊ नका. डोंगल दुसऱ्या संगणकात हलवता येतं, पण हरवलं तर त्रास मोठा. घरी एकाच संगणकावर वाजवणाऱ्याला संगणकावरचं ॲक्टिव्हेशन सोयीचं.

इथला नेहमीचा सापळा असा. संगणक हळू झाला म्हणून माणूस डिस्क फॉरमॅट करतो किंवा मदरबोर्ड बदलतो, आणि लायसन्स त्या जुन्या ‘ओळखीवर’ अडकून बसतं. नवा संगणक सिस्टीमच्या दृष्टीने परका असतो. मग कंपनीला ईमेल, पावती, वाट पाहणं. टाळायला दोन मिनिटं लागतात: फॉरमॅट करण्याआधी आयलॉक लायसन्स मॅनेजर उघडा, डावीकडे आपला संगणक निवडा, त्यातली सगळी लायसन्स डीॲक्टिव्हेट करा आणि ती परत खात्यात दिसतात याची खात्री करा. ज्या कंपन्यांचं स्वतःचं खातं आहे तिथेही हेच. संगणक विकताना, दुरुस्तीला देताना हे काम सगळ्यात आधी.

लायसन्सची यंत्रणाही म्हातारी होते. स्टाइनबर्गने आपली ई-लायसेन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद केली. त्यावर चालणारं जुनं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आधीपासून चालू आहे तिथे चालत राहतं, पण नव्या संगणकावर ते नव्याने ॲक्टिव्हेट करण्याचा रस्ता बंद झाला. कायमच्या लायसन्सलाही शेवटी कुणाचा तरी सर्व्हर लागतो, तो असा.

६. पहिल्याच दिवशी इन्स्टॉलर बाजूला काढा

आजकाल कंपन्या स्वतःचं डाउनलोड व्यवस्थापक ॲप देतात. ते बहुतेक वेळा नवीनतम आवृत्तीच दाखवतं. तुम्हाला दोन वर्षांनी आजचीच आवृत्ती हवी असेल तर ती सापडेलच याची हमी नाही. शक्य असेल तिथे इन्स्टॉलरची पूर्ण फाइल उतरवा, नावात आवृत्तीचा क्रमांक टाका आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

प्रीसेट (सेव्ह केलेली सेटिंग्ज) वेगळ्या फोल्डरमध्ये असतात: विंडोजवर बहुधा डॉक्युमेंट्स किंवा प्रोग्रॅमडेटामध्ये, मॅकवर लायब्ररी, ऑडिओ, प्रीसेट्स या वाटेने. प्रत्येक प्लगइनचे शोधून त्यांचीही प्रत काढा. स्वतः घडवलेला टोन पुन्हा हुबेहूब घडवणं किती अवघड असतं हे तो गेल्यावरच कळतं.

७. अपडेट करताना

चालू प्रोजेक्टच्या मध्यात अपडेट करू नका. हा एक नियम पाळलात तर निम्मी डोकेदुखी टळते.

अपडेट आणि अपग्रेड यांतला फरक आधी बघा. ४.१ वरून ४.२ हा अपडेट, तो जुन्या फाइलवरच बसतो. ४ वरून ५ हा अपग्रेड, तो अनेकदा वेगळा प्लगइन म्हणून बसतो आणि दोन्ही शेजारी राहतात. धोका पहिल्यात जास्त, कारण जुनी आवृत्ती जाते. सुधारणांच्या यादीत ‘ॲम्प मॉडेल सुधारलं’, ‘नॉइज गेट नव्याने लिहिला’ अशी वाक्यं दिसली तर थांबा. तुमच्या जुन्या गाण्यातला गिटारचा आवाज त्याने बदलू शकतो.

बदलला की नाही हे कानांवर सोडू नका, तपासा. अपडेटच्या आधी गिटारचा एक कोरा, इफेक्ट नसलेला ट्रॅक घ्या. तो प्लगइनमधून काढून ऑडिओ फाइल करा. रिव्हर्ब, कोरस, डिले बंद ठेवा, कारण त्यांत दर वेळी थोडा फरक पडू शकतो. अपडेट करा. तोच ट्रॅक, तोच प्रीसेट, पुन्हा फाइल. आता दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवून एकीची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा आणि एकत्र वाजवा. पूर्ण शांतता मिळाली तर आवाज तोच आहे. पातळ खरखर उरली तर बारीकसा बदल आहे. गिटार ओळखू येण्याइतकी ऐकू आली, तर मॉडेल खरोखर बदललंय. जुना इन्स्टॉलर परत टाका आणि ते गाणं पूर्ण होईपर्यंत तिथेच राहा.

उलटा प्रवास नेहमी जमत नाही. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रीसेट जुनीत उघडेलच असं नाही, म्हणून प्रीसेटची प्रत अपडेटच्या आधीची हवी.

हार्डवेअर मॉडेलर (वेगळ्या यंत्रात चालणारा डिजिटल ॲम्प) असेल तर त्याच्या फर्मवेअरलाही, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरलाही, हेच सगळं लागू. आधी बॅकअप, केबल घट्ट, वीज भरवशाची, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात फर्मवेअरला हात लावायचा नाही.

युरोपीय संघात २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, डिजिटल वस्तू विकणाऱ्याला ती करारात सांगितल्याप्रमाणे चालत राहण्यासाठी लागणारे अपडेट ग्राहकाला वाजवी काळापर्यंत द्यावे लागतात. तिथे राहत असाल तर कंपनीशी पत्रव्यवहार करताना याचा उल्लेख करा. नवी फीचर्स मात्र यात येत नाहीत.

८. ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात शेवटी

प्लगइन बहुधा स्वतःहून मरत नाहीत, त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं आणि त्या दिवशी कित्येक जुने ॲम्प गेले. २०२० च्या शेवटी ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या. ॲपलच्या रोझेटा या दुभाषी सॉफ्टवेअरमुळे जुन्या इंटेल चिपसाठी लिहिलेलं चालत राहिलं, पण ती तात्पुरती सोय आहे. जे प्लगइन अजून नव्या चिपसाठी लिहिलं गेलेलं नाही ते आता घेऊ नका. व्हीएसटी२ या प्लगइनच्या जुन्या प्रकाराचंही तसंच: स्टाइनबर्गने २०१८ मध्ये त्याचा विकास-संच देणं थांबवलं. जुन्या प्रोजेक्टमध्ये व्हीएसटी२ असेल आणि नव्या संगणकावर फक्त व्हीएसटी३ असेल, तर अनेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ते आपोआप जोडून घेत नाहीत.

म्हणून क्रम असा: प्रत्येक प्लगइनच्या कंपनीने नव्या सिस्टीमला पाठिंबा जाहीर केलाय का ते बघा, मग प्लगइन अपडेट करा, मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम. स्वयंचलित अपडेट बंद ठेवा.

९. प्लगइन गेला तरी टोन राहिला पाहिजे

मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती या पायरीची.

प्रत्येक गाण्यासाठी गिटारच्या दोन फाइल ठेवा. एक कोरी, म्हणजे डीआय: गिटार थेट इंटरफेसमध्ये, कसलीही प्रक्रिया नाही. दुसरी ॲम्पमधून निघालेली. दोन्ही वेव्ह फाइल, दोन्ही गाण्याच्या सुरुवातीपासून सलग, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवल्या की जुळतात. ॲम्पवाली फाइल म्हणजे तुमचा टोन, कुठल्याही लायसन्सशिवाय कायम वाजणारा. डीआय हाती असेल तर दहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्याही ॲम्पमधून तीच वादनाची फाइल पुन्हा काढता येते. प्लगइनमधून काढलेलं रेकॉर्डिंग साधारणपणे तुमचंच असतं. तरी करारातलं व्यावसायिक वापराचं कलम एकदा वाचून घ्या.

सोबत प्रीसेटचा स्क्रीनशॉट ठेवा, सगळे नॉब दिसतील असा. इंटरफेसवरचा गेनचा नॉब कुठे होता तेही लिहा. ॲम्प मॉडेलला किती जोराचा सिग्नल मिळतो त्यावर त्याचा आवाज किती फाटतो ते ठरतं. गेन बदलला की तोच प्रीसेट वेगळा वाजतो, आणि मग उगाच अपडेटवर संशय जातो.

कॅबिनेटसाठी (ॲम्पच्या स्पीकरच्या पेटीसाठी) शक्यतो स्वतंत्र आयआर, म्हणजे कॅब आणि माइकच्या आवाजाचा नमुना, वापरा. आयआर ही साधी वेव्ह फाइल असते आणि जवळपास प्रत्येक ॲम्प सॉफ्टवेअर ती उघडतं. टोनमधला मोठा वाटा कॅब आणि माइकचा असतो, त्यामुळे आयआर आपल्याजवळ असेल तर ॲम्प बदलूनही जुन्या आवाजाच्या बरंच जवळ जाता येतं.

नॅमची फाइल, म्हणजे एखाद्या खऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल, हीही अशीच खुली आहे. एखादी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. सुरुवातीला आवृत्ती आणि न्यूरल नेटवर्कची रचना वाचता येते, आणि मग स्वल्पविरामांनी तोडलेल्या दशांश आकड्यांची लांबच लांब रांग. तो सगळा ॲम्प म्हणजे ते आकडे. कुलूप नाही, त्यामुळे उद्या कुणीही ती वाजवणारा नवा प्रोग्रॅम लिहू शकतो. स्वतःचा ॲम्प असेल तर त्याचं कॅप्चर (अशीच नक्कल) नॅममध्ये करून ठेवाच.

१०. प्रीसेट, आयआर आणि कॅप्चर कुणाचे?

विकत घेतलेला आयआर तुमच्या गाण्यात वापरता येतो, पण फाइल मित्राला पाठवायची परवानगी सहसा नसते. मोफत मिळालेल्या कॅप्चरवरही बनवणाऱ्याने घातलेल्या अटी असतात. काही फक्त खासगी वापरासाठी देतात. डाउनलोड करतानाच त्या वाचा आणि फाइलच्या शेजारी ठेवा.

स्वतः कॅप्चर करून विकणार असाल तर नावाचं भान ठेवा. ॲम्प कंपन्यांची नावं ट्रेडमार्क आहेत. म्हणूनच लाइन ६ च्या हेलिक्समध्ये फेंडर ट्विन रिव्हर्बवर बेतलेलं मॉडेल ‘यूएस डबल’ या नावाने येतं.

११. विकायचं किंवा द्यायचं झालं तर

आधी कंपनीचं हस्तांतरणाचं पान वाचा. काही कंपन्या ते फुकट करतात, काही शुल्क घेतात, काही मुळीच करू देत नाहीत. आयलॉकवरच्या लायसन्सला कंपनीची परवानगी तर लागतेच, शिवाय पेसचं हस्तांतरण शुल्कही पडू शकतं. ते कोण भरणार हे आधी ठरवा.

घेणाऱ्याच्या बाजूने असाल तर खातंच देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पासवर्डसकट खातं विकणं बहुतेक करारांत निषिद्ध असतं, आणि मूळ मालकाकडे जुना ईमेल असतो. तो कधीही खातं परत घेऊ शकतो. लायसन्स तुमच्या स्वतःच्या खात्यात आलं पाहिजे. विकणाऱ्याकडून मूळ पावती मागा, ते लायसन्स सवलतीतलं किंवा हार्डवेअरसोबत आलेलं नाही ना ते विचारा, आणि अपग्रेड असेल तर ज्या जुन्या आवृत्तीवर ते बसतं तीही सोबत येते का ते बघा. विकणारे असाल तर सगळ्या संगणकांवरून डीॲक्टिव्हेट करा, हस्तांतरण पूर्ण झाल्याचा कंपनीचा ईमेल येऊ द्या, समोरच्याला एकदा प्लगइन उघडून बघायला सांगा आणि मग आपल्या संगणकावरून काढून टाका.